सावंतवाडीत करून घेतलेलं रंगीत फडताळ : सव्वा वर्षानंतरचा रिव्ह्यू

फर्निचरचा रिव्ह्यू डिलिव्हरीच्या दिवशी लिहू नये असं माझं ठाम मत झालंय. त्या दिवशी सगळंच चकचकीत असतं, आपण खूष असतो, फोटो काढून ग्रुपवर टाकतो, पाच स्टार देतो आणि विषय संपतो. माझं फडताळ गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात पुण्यात आलं, म्हणजे दोन पावसाळे, एक हिवाळा आणि एक पूर्ण उन्हाळा काढून झालाय, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही. दुकानाचं नाव मात्र देत नाहीये कारण चूक निम्मी माझी पण होती, ते पुढे येईलच.

आधी हवं काय होतं ते सांगतो. आईच्या माहेरी वेंगुर्ल्याला माजघरात एक जुनं फडताळ होतं. साडेपाच फूट उंच, साडेतीन फूट रुंद, आणि खोली फक्त सोळा इंच. बिजागऱ्या नाहीतच त्याला, दाराच्याच लाकडाला वर आणि खाली खुंट काढलेले आणि ते चौकटीतल्या भोकात फिरायचे, उघडताना एक लांबलचक कुरकुर व्हायची आणि त्या आवाजावरून आजीला कळायचं की कोण लाडवाच्या डब्याला हात घालतंय. वर लाल-हिरव्या रंगात वेलीची पट्टी आणि मधे एक गणपती, तोही अर्धा उडालेला. खिळा एक नाही, सगळे सांधे कूस घालून, म्हणजे एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या भोकात बसवून केलेले आणि वरून बांबूच्या खुंट्या ठोकलेल्या. ते वाळवीने खाल्लं. मागची बाजू हाताने दाबली तर भुसा पडला खाली. मी फक्त मापं घेतली, पन्नासेक फोटो काढले आणि एक दाराचा तुकडा उचलून आणला.

हे पुण्यातल्या दोन-तीन ठिकाणी दाखवलं तर सगळीकडे एकच उत्तर, सर प्लायमध्ये करू, वर व्हिनियर लावू, डिझाईन सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर कापू आणि वर पीयू पॉलिश मारू. त्यांची चूक नाही, त्यांचं काम तेच आहे. एकाने तर चित्राचा प्रिंट काढून चिकटवू म्हणून सांगितलं, वर क्लिअर मारला की कळत पण नाही म्हणे. मला कळलं असतं ना भाऊ.

मग सावंतवाडी. कुणी गेलं नसेल तर, मोती तलावाच्या काठावर राजवाडा आणि गावात चितारआळी, जिथे लाकडी फळं आणि खेळणी ओळीने मांडलेली असतात, लहानपणी प्रत्येक सुट्टीत त्यातली एक भातुकली घरी यायची. लाकडावर रंग आणि वर लाखेचा थर, ही तिथली जुनी विद्या. त्याच चितारी, म्हणजे रंगवणाऱ्या लोकांची दुसरी विद्या म्हणजे गंजिफा, हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफाच्या एका जोडात १२० पत्ते असतात, दहा अवतारांचे दहा रंग (आपल्या पत्त्यांत इस्पिक, बदाम असतात तसे) आणि प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा असे बारा पत्ते. हे जवळजवळ संपलंच होतं, सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि त्यांच्या राणी सत्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात एका वयस्कर चिताऱ्याकडून ते परत उभं केलं, राणीसाहेब स्वतः शिकल्या आणि राजवाड्यातच कलाकार बसवले. अजूनही दरबार हॉलमध्ये बसून लोक रंगवत असतात, जाऊन बघता येतं आणि नक्की बघा, कारण ते बघूनच माझ्या डोक्यात किडा शिरला की दोन दारं, प्रत्येक दारात पाच पॅनेल, म्हणजे दहा, म्हणजे दहा अवतार, प्रत्येक पॅनेलवर एक मोठा गोल पत्ता!

आता इथे शुद्धतावादी मंडळी म्हणतील की हे जुन्या पद्धतीचं झालंच नाही, आजोळच्या फडताळावर दशावतार नव्हते. बरोबर आहे. बांधणी जुनी आणि चित्रं दुसऱ्याच ठिकाणाहून उचललेली, ही भेसळ माझी आहे. मापं, सांधे, खुंटावरची दारं, पितळी कडी-साखळी हे सगळं मूळचं ठेवलं आणि वेलीची पट्टी पण त्या तुकड्यावरून नक्कल करून घेतली. बाकी हौस.

चितारआळीच्या आसपासच्याच एका दुकानाने पूर्ण काम अंगावर घेतलं. म्हणजे सुतार त्यांचा, रंगवायला एक वयस्कर काका बाहेरून यायचे. एकूण ८४ हजार, त्यात सुतारकाम ४५, रंगकाम ३०, आणि पुण्यापर्यंत टेम्पो ९ हजार. महाग आहे का, हो. पण प्लायचं वॉर्डरोब सुद्धा आजकाल त्याच्या आसपास जातं आणि ते कुणी पाहुणा थांबून बघत नाही.

लाकूड मी सागवान म्हणून हट्ट धरून बसलो होतो, सुतार मेस्त्रींनी ऐकून घेतलं आणि मग सांगितलं की सागाला तेल असतं, त्यावर रंगाखालचं अस्तर नीट धरत नाही, रंगवायचंय ना मग फणस घ्या. आणि पांगारा? तो खेळण्यांना, हलका आणि मऊ, फडताळाला नाही चालणार. फणसाचं लाकूड नवीन असताना हळदीसारखं पिवळं असतं, हा पिवळेपणा लक्षात ठेवा, पुढे त्याचा त्रास आहे. चौकट फणसाची, पॅनेल फणसाची, फक्त आतल्या फळ्या आंब्याच्या. आंब्याला मी नको म्हणायला हवं होतं, भुंगा लागतो त्याला, एका फळीतून बारीक पीठ पडायला लागलं आठव्या महिन्यात, बदलून घेतली.

दारांचं काम एक नंबर. इथे खरंच हात जोडतो. पॅनेल चौकटीच्या खाचेत नुसतं सरकवलेलं, ना गोंद ना खिळा. मी म्हटलं हे हलतंय की, तर मेस्त्री म्हणाले, "पावसात ह्या फुगतला, तेका जागा व्हयी." एवढंच. नंतर घरी आल्यावर मी स्केलने मोजत बसलो (बायको म्हणते वेड लागलंय) तर सव्वा फुटाच्या पॅनेलमध्ये ऑगस्ट आणि एप्रिलमध्ये जवळपास तीन मिलीमीटरचा फरक पडला. लाकूड लांबीत नाही बदलत म्हणण्यासारखं, रुंदीत बदलतं. आडवं बांधून टाकलं की कुठेतरी फाटणारच.

आणि फाटलं. दारं नाही, बाजू.

झालं असं की मी तारखेची घाई केली. भाचीचं लग्न होतं जूनमध्ये, पाहुणे येणार, त्याआधी फडताळ घरात पाहिजे. दर दोन दिवसांनी फोन. दुकानवाल्याने वैतागून दोन्ही बाजू दुसऱ्या कुणाकडून करून घेतल्या, तीन फळ्या गोंदाने जोडून एक रुंद पाट आणि तो सरळ चौकटीला खिळे मारून बसवला, खिळ्यांच्या डोक्यांवर आणि सांध्यांवर रेडीमेड पुट्टी, वर स्प्रे. आला तेव्हा दिसायला दारांपेक्षा गुळगुळीत होता खरं सांगतो. फेब्रुवारीत एका रात्री आम्ही टीव्ही बघत होतो आणि टाक्! असा आवाज आला, मला वाटलं काच फुटली. डाव्या बाजूला वरपासून हातभर चीर. सावंतवाडीच्या दमट हवेत फुगलेलं लाकूड पुण्याच्या कोरड्या थंडीत आकसायला बघतंय आणि खिळे सोडत नाहीयेत, मग ते काय करणार. उजवी बाजू मार्चमध्ये गेली. दुकानवाल्याला फोटो पाठवले तर, पुण्याची हवा आमच्या हातात नाही, असा रिप्लाय. हवा नाही हो पण खिळे तुमच्या हातात होते. यासाठी मी स्टार कापतोय आणि अजिबात वाईट वाटत नाहीये. घाई माझी होती हे मान्य, पण घाईत हे-हे होईल हे सांगायचं काम ज्याला माहीत आहे त्याचं.

आता रंगकाम, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप.

मला वाटायचं चित्र म्हणजे चित्र, रंग आणि ब्रश. काकांनी पहिले बारा दिवस रंगाला हातच लावला नाही. चिंचोके भिजवले, सालं काढली, वाटले आणि शिजवून त्याची खळ केली, तिचा वास दोन दिवस कपड्यांना येत होता. त्यात खडूची पावडर, आणि किडा लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. हे मिश्रण पॅनेलवर एक हात, वाळवणं, घासणं, परत एक हात. गंजिफाच्या पत्त्यांना पण हेच, तिथे कापडावर किंवा कागदावर. मी मोजले तर सात हात झाले. शेवटी एक गुळगुळीत दगड घेऊन घोटत बसले, अर्धा तास एका पॅनेलला, आणि पांढरा पृष्ठभाग अंड्याच्या टरफलासारखा झाला. मी विचारलं काका हे सगळं झाकलंच जाणार ना, तर माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसलो.

रंग मात्र पोस्टर कलर आणि ॲक्रिलिक. सुरुवातीला मी जरा नाराज झालो, म्हटलं हिंगूळ, हरताळ वगैरे जुने रंग वापरा की. काकांनी सांगितलं हरताळ म्हणजे सोमलाच्या जातीचं विष आणि हिंगुळात पारा, आमच्या आधीचे लोक ब्रशला टोक काढायला ओठात धरायचे, आता कुणाला तसं मरायचंय. विषय संपला. काळ्यासाठी फक्त घरचं काजळ आणि डिंक, ते ते स्वतः करतात, बाजारचा काळा निळसर मारतो म्हणे, आणि शेजारी ठेवून बघितलं तर खरंच मारतो.

प्रत्येक अवताराची जमीन, म्हणजे चित्रामागचा सपाट रंग, वेगळ्या रंगाची, गंजिफात तसंच असतं म्हणजे लांबूनही पत्ता ओळखू येतो. आधी जमीन, मग गोल कडी, मग अंगाचा सपाट रंग, दागिने, आणि सगळ्यात शेवटी काळी रेघ. ती रेघ बघण्यासारखी आहे. करंगळी लाकडावर टेकवून श्वास रोखून एका दमात नरसिंहाची आयाळ, ना पेन्सिल ना ट्रेसिंग. डोळे अगदी शेवटी, दहाही अवतारांचे एकाच दिवशी, आणि त्या दिवशी काकी डबा घेऊन आल्या तेव्हा त्यांना पण बाहेरच थांबवलं होतं.

नवव्या पॅनेलवर प्रश्न आला. बुद्ध काढू की विठोबा? कारण आपल्याकडे कित्येक जुन्या चित्रांत नववा अवतार म्हणून विठ्ठल कमरेवर हात ठेवून उभा असतो. आईला फोन लावला, ती म्हणाली विठोबाच काढ, मला आणि काय हवं. तर माझ्या फडताळावर नववा विठोबा आहे आणि दर दुसरा पाहुणा त्याच्यावरून वाद घालतो, तो एक वेगळाच फायदा. राम आणि कृष्ण एकाखाली एक आलेत उजव्या दारावर, बरोबर डोळ्यांच्या उंचीच्या जरा खाली. गंजिफात दिवसा खेळताना रामाचा राजा ज्याच्याकडे तो सुरुवात करतो आणि रात्री कृष्णाचा, हे काकांनी रंगवता रंगवता सांगितलं. अर्ध्या रंगांत दश्शी मोठी आणि अर्ध्यांत एक्का मोठा, हे पण सांगितलं, ते मला अजून पाठ होत नाही.

वरचा शेवटचा थर चपडा लाखेचा, स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने, दहा-बारा हात. झळाळी अशी येते की आतून दिवा लावल्यासारखी, पीयूसारखी प्लास्टिक चमक नाही. पण एक सांगून ठेवतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो म्हणजे सॅनिटायझरमध्ये पण विरघळतो. माझ्या पुतण्याने हाताला फुसफुस करताना परशुरामाच्या पायावर उडवलं आणि पुसलं, तिथे आता एक चिकट ढग आहे. गरम कप टेकवला की पांढरी गोल खूण पडते. घरात लहान मुलं असतील तर खालच्या पॅनेलना दुसरं काहीतरी मारून घ्या, दिसायला कमी पण टेन्शन कमी.

आता तो पिवळेपणा. रिव्ह्यू लिहायला बसलो त्याचं खरं कारण हेच, कारण हे कुठेच वाचायला मिळालं नव्हतं.

काकांचं म्हणणं होतं की पॅनेल सुटी द्या, मी रंगवतो, काठापर्यंत आणि काठाच्या पलीकडे जो भाग खाचेत जाणार तिथपर्यंत, आणि मग तुम्ही दार बांधा. डाव्या दाराची चार पॅनेल तशी झाली, मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह. मग माझे फोन सुरू झाले, आणि दुकानवाल्याने सुताराला सांगून उरलेली सहा पॅनेल कोरीच दारात बसवून टाकली, म्हणजे दारं लटकवून झाली असं मला सांगता येईल. काका दोन दिवस आलेच नाहीत. मग आले आणि काही न बोलता दारं उभी ठेवून तशीच रंगवली, चौकटीच्या कडेला ब्रश लावून.

जूनमध्ये दहाही पॅनेल सारखीच दिसत होती. मला वाटलं उगाच रुसले म्हातारबा.

जानेवारीत वामनाच्या डाव्या काठाला एक केसाएवढी पिवळी रेघ दिसली. मला वाटलं रंग उडाला. मार्चपर्यंत सहाही पॅनेलच्या दोन्ही बाजूंना ती रेघ आली, उभी, सरळ, वरपासून खालपर्यंत, निळ्या आणि काळ्या जमिनीवर तर दिवाळीतल्या लायटिंगसारखी उठून दिसत होती. पॅनेल आकसलं, खाचेत लपलेला कोरा फणस बाहेर आला. आणि पहिली चार, जी सुटी रंगवली होती, तिथे काही नाही. ती पण तेवढीच आकसली असणार, पण बाहेर आलं ते रंगवलेलंच लाकूड. एकाच झाडाचं लाकूड, एकच हात, एकच रंग, फरक फक्त आधी कोण आणि नंतर कोण याचा. तेव्हा जर कुणी असं काही करून घेणार असेल तर सुताराशी भाव ठरवायच्या आधी रंगवणाऱ्याला बोलावून दोघांना एकत्र बसवा आणि दार बंद करायची तारीख रंगवणाऱ्याला ठरवू द्या. तीस हजार आपण चित्राला देतोय असं वाटतं पण त्यातले निम्मे तरी त्या न दिसणाऱ्या दोन बोटं काठाचे आणि सात हात खळीचे असतात. आणि हो, अस्तराला इतक्या महिन्यांत कुठेही तडा नाही, त्या बाजूंच्या पुट्टीचे मात्र पोपडे निघतायत.

स्टार विचाराल तर काकांना पाच, मेस्त्रींच्या दारांना पाच, बाजूंना एक, दुकानाच्या बोलण्या-वागण्याला दोन. टेम्पोवाल्याने गोधडीत गुंडाळून आणलं आणि तिसऱ्या मजल्यावर चढवताना एकदाही भिंतीला लागू दिलं नाही, त्याला साडेपाच. परत करून घेईन का? घेईन, पण ऑर्डर पावसाळा संपल्यावर देईन आणि लग्नाची तारीख कुणाला सांगणार नाही.

बाजू पुण्यातल्याच एका सुताराकडून काढून नवीन करून घेतल्या, खाचेतल्या पॅनेलच्या, कोऱ्याच ठेवल्यात अजून.

रेघांचं काय करायचं म्हणून मी एप्रिलमध्ये काकांना फोन केला होता. म्हटलं माणूस पाठवा किंवा तुम्ही या, येण्याजाण्याचा खर्च देतो. ते म्हणाले एवढ्यासाठी मी कशाला येऊ, आणि पंधरा दिवसांनी एसटीच्या पार्सलने एक खोका आला. आत सहा छोट्या डब्या, प्रत्येकीवर पेन्सिलने नाव, वामन, परशुराम, राम, कृष्ण, विठोबा, कल्की. एक बारीक ब्रश. मी लगेच बसणार होतो तर परत फोन, की तोपर्यंत पुण्यात वळवाचा पाऊस सुरू झालाय असं बातम्यांत बघितलं, आता लावू नका, लाकूड परत फुगायला लागेल, पुढच्या मार्चमध्ये पूर्ण आकसू द्या मग लावा. सध्या सप्टेंबर चालू आहे आणि रेघा एकही दिसत नाही, पाहुण्यांना सांगितलं तर खोटं वाटतं. डब्या फडताळातच ठेवल्यात, वरच्या फळीवर, लाडवाच्या डब्याशेजारी, आणि दर महिन्याला एकदा पाण्याचा थेंब घालून हलवतो, वाळू नयेत म्हणून.